राइट : सरळ, उजवा आणि हक्काचा

आज आपण एकच शब्द घेऊन बसणार आहोत. शब्द इंग्रजी आहे, पण आपल्याकडे रिक्षावाल्यापासून हायकोर्टापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो. 'राइट'. तुमच्यातले बरेच जण इंग्रजी शिकवतात, काही जण अजून शिकत आहेत. आम्ही भाषाशास्त्राचे नव्हे, तत्त्वज्ञानाचे मास्तर. पण नीतिशास्त्राचा पेपर तीस वर्षं मराठीतून शिकवायचा म्हटल्यावर या शब्दाशी रोजचीच झटापट होती.

पहिली फजिती आमची स्वतःचीच. शाळेत भूमिती मराठीतून झाली, तिथे काटकोन होता. कॉलेजात पहिल्या आठवड्यात प्राध्यापक फळ्यावर आकृती काढून 'राइट अँगल' म्हणाले. आम्ही शेजारच्याला हळूच विचारलं, 'आणि लेफ्ट अँगल कुठला?' तोही आमच्यासारखाच तालुक्याच्या गावचा. त्याने आकृतीकडे नीट बघून डाव्या बाजूच्या कोनाकडे बोट दाखवलं.

दुसरा किस्सा बऱ्याच वर्षांनंतरचा, आणि तो आम्हाला अजून टोचतो. एका विद्यार्थ्याने इंग्रजी टिपणं समोर ठेवून मराठीत उत्तर तयार केलं होतं. टिपणात मुद्दा असा होता, की एखादी गोष्ट करणं योग्य नसलं तरी ती करण्याचा माणसाला हक्क असू शकतो. इंग्रजीत दोन्ही जागी 'राइट'च. मुलाने लिहिलं : 'जे बरोबर नाही ते माणसासाठी बरोबर असू शकते.' आम्ही लाल रेघ मारली आणि शून्य दिलं. त्या शून्याकडे शेवटी परत येऊ.

आता शब्दाच्या मुळाशी जाऊ. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी, हा शब्द 'रिख्ट'च्या जवळपास उच्चारला जात असे. आज स्पेलिंगमध्ये जी आणि एच ही दोन अक्षरं उगाच बसल्यासारखी वाटतात. पाठ करताना मुलं त्यांना शिव्या देतात. पण ती उगाच नाहीत. तिथे खरोखरच घशातून काढलेला 'ख'सारखा आवाज होता. पुढे इंग्रजांनी तो बोलायचा सोडला, लिहायचा सोडला नाही. जर्मन भाषेत तो अजून जिवंत आहे, 'रेख्ट'. स्कॉटलंडच्या बोलीतही आहे. आणि अर्थ? मूळ अर्थ 'सरळ'. वाकडं नसलेलं. बस्स, एवढाच. उजवा हात नाही, हक्क नाही.

हे 'सरळ' फार जुनं आहे. युरोपातल्या आणि आपल्याकडच्या भाषांच्या समाईक पूर्वज भाषेत सरळ करणे, सरळ रेषेत नेणे अशा अर्थाचा एक धातू होता असं अभ्यासक मानतात. लॅटिनमध्ये त्यातून 'रेक्टुस' म्हणजे सरळ, आणि 'रेक्स' म्हणजे राजा, लोकांना सरळ रेषेत ठेवणारा. आपला 'राजन्' त्याच कुळातला, असं बहुतेकांचं मत. इंग्रजीतले 'करेक्ट', 'डायरेक्ट', 'रेग्युलर' हे लॅटिनमार्गे आलेले त्याच घरचे पाहुणे. म्हणजे 'राइट' आणि 'करेक्ट' हे एकमेकांचे चुलतभाऊ, फक्त वेगवेगळ्या गाडीने इंग्लंडात उतरलेले.

आणि संस्कृतात? 'ऋजु'. आपण आजही ऋजू स्वभाव म्हणतो. या ऋजूचं प्राकृतात 'उज्जु' झालं, पालीत 'उजु'. आपल्यापैकी जे बुद्धवंदना म्हणतात त्यांच्या कानावरून संघवंदनेतला 'उजुपटिपन्नो' हा शब्द शेकडो वेळा गेला असेल. सरळ मार्गाने चालणारा, असा त्याचा अर्थ. आणि हाच उज्जु मराठीत येऊन झाला 'उजवा'.

थांबा जरा इथे. इंग्रजीतला 'राइट' हँड आणि मराठीतला 'उजवा' हात. शब्दकोशात हे दोन शब्द समोरासमोर असतात, एक दुसऱ्याचं भाषांतर म्हणून. पण ते नुसतं भाषांतर नाही, मुळात ते एकाच बीजाचे आहेत. आपल्या शाळेत हे कुणी सांगत नाही. आम्हालाही चाळिशी उलटल्यावर कळलं.

गंमत पुढे आहे. पूर्वज भाषेत त्या बीजाचा अर्थ हात असा नव्हताच. जुन्या इंग्रजीत उजव्या हाताला वेगळाच शब्द होता. त्याचा अर्थ 'अधिक बळकट' असा. संस्कृतातही उजव्याला 'दक्षिण' म्हणत. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात ज्या दिशेला, ती दक्षिण. लॅटिनचा 'देक्स्तेर' या दक्षिणचाच भाऊ. फ्रेंचांनी तो आधी वापरला आणि मग टाकून दिला. त्याच्या जागी 'द्र्वा' आणला, मूळ अर्थ पुन्हा 'सरळ'. इंग्रजांनी बळकट हाताचा शब्द टाकून 'राइट' आणला, जर्मनांनी 'रेख्ट'. आणि हजारो मैलांवर मराठीनेही दक्षिण बाजूला ठेवून सरळ हाताला, उजूला, जवळ केलं. यात कुणी कुणाची नक्कल केली नाही. जो हात सरळ चालतो, पटकन वळतो, तो सरळ हात, हे सगळ्यांना आपापल्या घरी बसून सुचलं.

डाव्या हाताचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. इंग्रजी 'लेफ्ट'च्या मुळाशी दुबळा, कुचकामी असा अर्थ आहे. लॅटिनमधला डावा म्हणजे 'सिनिस्टर', तो पुढे अशुभ झाला. आपल्याकडे एखाद्याला 'डावलतात', आणि एखादा दुसऱ्यापेक्षा 'उजवा' ठरतो. आमच्या आत्याचा मुलगा डावखुरा होता. पंक्तीत त्याच्या हातावर बसलेले फटके आम्ही पाहिलेत. शब्द नुसते शब्द नसतात, ते जेवणाच्या पाटापर्यंत येतात.

एक इशारा देतो, कारण अशा व्याख्यानानंतर लोक घरी जाऊन प्रत्येक शब्दाची मुळं खणू लागतात. व्रत 'उजवणे' हा शब्द या उजव्याचा नव्हे. त्याचा संबंध उद्यापनाशी लावतात. दिसायला जुळे, पण घर वेगळं.

तर सरळ हा पाया. त्यावर मजले कसे चढले पाहा. सरळ उभी रेघ आडव्या रेघेवर पडली की होणारा कोन तो 'राइट अँगल'. लॅटिन भूमितीतल्या 'सरळ कोना'चं ते इंग्रजी. म्हणून डावा कोन नसतो. 'राइट नाऊ', 'राइट हिअर' यातला राइट म्हणजे इकडेतिकडे न वळता, थेट. 'राइट ऑनरेबल'मधला राइट म्हणजे पुरेपूर, अगदी. आणि सरळ रेषेवरून न ढळलेलं उत्तर ते 'राइट आन्सर'. इथे आपण 'बरोबर' म्हणतो. या 'बरोबर'कडे आम्ही इंग्रजी शिकणाऱ्यांचं मुद्दाम लक्ष वेधतो, कारण एका शब्दाला दहा अर्थ असल्याची तक्रार करण्याआधी आपलं घर बघावं. 'माझ्याबरोबर बरोबर नऊला बरोबर पत्त्यावर ये.' आता हे एखाद्या इंग्रजाला समजावून सांगा! फारसीत 'बराबर' म्हणजे छातीला छाती लावून, समसमान. त्यातून सोबत, त्यातून अचूक. इंग्रजांनी योग्यतेची कल्पना सरळ रेघेवर उभारली, फारसीने ती दोन समान गोष्टी शेजारी ठेवून उभारली, आणि ती आपण उचलली.

आता अवघड वळण. 'हे बरोबर आहे' पासून 'हे माझं आहे, मला मिळालंच पाहिजे' इथपर्यंत शब्द कसा गेला? पहिला अर्थ गोष्टीबद्दल आहे, दुसरा माणसाबद्दल. पहिल्यात कुणी मालक नाही, दुसऱ्यात आहे. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात यावर मोठा वाद आहे. कुणी म्हणतं हा बदल चौदाव्या शतकात ऑकमच्या विल्यमने घडवला, कुणी तो बाराव्या शतकातल्या चर्चच्या कायदेपंडितांपर्यंत मागे नेतं. त्या वादात आज शिरत नाही, तो लॅटिन शब्दांचा वाद आहे. पण इंग्रजी इतिहासातल्या दोन कागदांची नावं ऐका.

१६२८ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने राजा पहिल्या चार्ल्सपुढे मागणं ठेवलं : आमच्या संमतीवाचून कर नको, कारण न सांगता कैद नको, घराघरांत सैनिक उतरवू नका. त्या कागदाचं नाव 'पेटिशन ऑफ राइट'. एकवचन. साठेक वर्षांनी, १६८९ साली, दुसऱ्या जेम्सला पळवून लावल्यानंतर जो कायदा झाला त्याला आपण 'बिल ऑफ राइट्स' म्हणतो. अनेकवचन. आम्ही वर्गात या शेवटच्या 'स'वर दहा मिनिटं घालवायचो. मुलं घड्याळ बघायची, पण आम्ही घालवायचोच. कारण न्याय्यपणा या अर्थाच्या 'राइट'चं अनेकवचन सहसा होत नाही. सरळपणा मोजता येत नाही. हक्क मोजता येतात, एक, दोन, तीन, आणि जे मोजता येतं ते मागता येतं. अर्थात केवळ या दोन नावांवरून सगळा इतिहास ठरत नाही. पहिल्या कागदातही हक्कांची भाषा आहेच. तरी खूण लक्षात ठेवायला ती चांगली. या दोन कागदांच्या मध्ये, १६५१ साली, हॉब्जचा 'लेव्हायथन' आला. त्यात त्याने बजावलं की राइट आणि लॉ यांची गल्लत करू नका. राइट म्हणजे मोकळीक, लॉ म्हणजे बंधन. इंग्रजीकडे हे दोन वेगळे शब्द होते म्हणून त्याला ते सोपं गेलं. जर्मनचा 'रेख्ट' आणि फ्रेंचचा 'द्र्वा' आजही कायदा आणि हक्क दोन्ही एकट्याने वाहतात.

मराठीत आपण काय केलं? आपण 'हक्क' घेतला. मूळ अरबी, फारसीतून आलेला. अरबीत 'हक्' म्हणजे सत्य. ईश्वराच्या नावांपैकी ते एक आहे. बगदादमध्ये ९२२ साली ज्या मन्सूर हल्लाजला ठार केलं, तो 'मीच हक्' म्हणाला असं सांगतात. म्हणजे मीच सत्य. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ देणं, वाटा, मागणं. बघा, तिथेही तीच जोडी : खरं आणि माझं. आपल्या वतनदारांच्या कागदांत 'हक-लाजिमा' येतो तो दुसऱ्या अर्थाने, गावाच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा. पहिला अर्थ मराठीतून गेला असं वाटतं, पण तो कोपऱ्यात लपून बसलाय. 'नाहक त्रास दिला' म्हणतो तेव्हा हक्काचा प्रश्न नसतो, न्यायाचा असतो. 'हकनाक मेला' यातही तोच.

हक्काच्या शेजारी आपल्याकडे 'अधिकार' आहे. पेपरात दोन्ही एकाच अर्थाने छापतात. पण त्यांची घराणी निराळी. अधिकार हा मीमांसकांचा शब्द. हे कर्म करायला पात्र कोण? जैमिनीच्या सूत्रांचा अख्खा सहावा अध्याय या प्रश्नाला दिलेला आहे, आणि पात्र कोण नाही याचीही चर्चा तिथेच आहे. शूद्राला वैदिक कर्माचा अधिकार नाही, असं तिथे ठरवलेलं आहे. अधिकारात पात्रता आधी. म्हणून आपण 'तुझा अधिकार काय?' असं दरडावून विचारू शकतो. 'तुझा हक्क काय?' विचारलं तर ती चौकशी होते, दरडावणी होत नाही. पुन्हा सांगतो, हा बोलण्यातला कल आहे, कायद्यातला भेद नव्हे. आपल्या कायद्यांची नावंच बघा ना : माहितीचा 'अधिकार', पण लोकसेवा 'हक्क'. राज्यघटनेत 'मूलभूत हक्क'. हिंदीने 'मूल अधिकार' पत्करला. टिळकांनी स्वराज्याच्या मागे 'जन्मसिद्ध' लावलं आणि पुढे हक्क ठेवला. जन्मसिद्ध अधिकार म्हणून बघा मनातल्या मनात. मराठी कानाला त्यात वतनाचा वास येतो. निदान आम्हाला येतो.

आता तुम्हाला एका सभागृहात नेतो. व्हर्साय, १७८९ सालचा ऑगस्ट. २६ तारखेला फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने मानवाच्या आणि नागरिकाच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. हक्क, म्हणजे 'द्र्वा'. त्यानंतर दोन दिवसांतच दुसरा वाद पेटला : सभेने केलेला कायदा अडवण्याची मुभा राजाला असावी की नसावी? राजाच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले, विरोधातले डाव्या. उजवी बाजू मानाची ही समजूत तिकडेही होतीच. उजवी बाजू म्हणजे 'द्र्वात'. तेच मूळ, तेच सभागृह. एकीकडे हक्कांचा जाहीरनामा आणि दुसरीकडे राजाच्या नकाराधिकाराची बाजू, दोन्ही 'सरळ' या एका शब्दाच्या पोटी. राजकारणात आपण आज ज्यांना उजवे म्हणतो ते नाव तिथल्या बसण्याच्या जागेवरून आलं, फ्रेंचातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत. तेव्हा विद्यार्थी विचारतात, 'सर, राइट विंगवाले नेहमी राइट असतात का?' त्यावर आमचं उत्तर ठरलेलं : 'ते खुर्चीला विचार, विचाराला नको.'

त्या सभागृहाची आठवण महाराष्ट्रात एका माणसाने फार नेमक्या वेळी काढली. महाड, डिसेंबर १९२७. आधीची हकीकत आपल्याला ठाऊक आहे, थोडक्यात सांगतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ साली झाला होता, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं असल्याचा ठरावही केला होता. कागदावर सगळं होतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर जाऊन पाणी प्याली, त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण झालं. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी आपल्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. आणि त्या परिषदेनेही एक जाहीरनामा काढला. कशाचा? हक्कांचा.

परिषदेच्या आधीच सवर्ण मंडळी कोर्टात गेली होती. आता 'राइट' या शब्दाच्या दृष्टीने तो खटला बघा. फिर्यादींचं म्हणणं, तळ्याचा वापर करण्याचा आणि अस्पृश्यांना त्यापासून दूर ठेवण्याचा वहिवाटीने आलेला राइट आमचा आहे. म्हणजे दोन्ही बाजूंच्या तोंडी हक्कच! एकाचा हक्क पाणी पिण्याचा, दुसऱ्याचा दुसऱ्याला पिऊ न देण्याचा. निव्वळ शब्दाने निकाल लागत नव्हता. खटला नऊ वर्षांहून जास्त चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला तो बाबासाहेबांच्या बाजूने, पण कुठल्या मुद्द्यावर? अशी अनादी काळापासूनची वहिवाट फिर्यादींना सिद्ध करता आली नाही, या मुद्द्यावर. तळ्याचं पाणी मिळालं. पण माणसाला माणसाने पाणी पिऊ न देणं हे मुळात 'राइट' आहे का, हा सरळ-वाकड्याचा प्रश्न त्या निकालाने सोडवला नाही. त्यासाठी घटनेचं सतरावं कलम यावं लागलं.

कायद्याच्या तत्त्वज्ञानात या गोंधळावर एका तरुण अमेरिकन प्राध्यापकाने, होफेल्डने, १९१३ साली फार स्वच्छ काम केलं. तो म्हणाला, वकील मंडळी 'राइट' म्हणतात तेव्हा चार निरनिराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. इंग्रजीत ते फोडून सांगायला त्याला तक्ते मांडावे लागले. मराठीत आमच्या मते निम्मं काम शब्दच करतात : माझं घेणं आणि दुसऱ्याचं देणं असेल तर 'हक्क'; मला कुणी मनाई केलेली नाही एवढंच असेल तर 'मुभा'; दुसऱ्याची कायदेशीर स्थिती बदलण्याची ताकद असेल, जसं मृत्युपत्र करणं किंवा नेमणूक करणं, तर 'अधिकार'; आणि दुसऱ्याच्या अधिकाराचा हात माझ्यापर्यंत पोचतच नसेल तर 'संरक्षण'. चौथा शब्द जरा ओढूनताणून बसवलाय हे कबूल. कुणाला चांगला सुचला तर कळवा.

इंग्रजी शिकणाऱ्यांनी म्हणून एक करून बघावं. 'राइट' आला की आधी त्याच्या आगेमागे बघायचं. 'अ राइट टू' असेल तर हक्क किंवा मुभा. 'इज राइट' असेल आणि कर्ता माणूस असेल तर त्याचं म्हणणं बरोबर. कर्ता कृत्य असेल तर ते योग्य. 'द राइट' दिसला की वर्तमानपत्र कुठलं आहे ते बघा. आणि रस्त्यावर गाडी हाकताना हे सगळं विसरा, कारण आपल्याकडे रस्त्याची राइट बाजू म्हणजे डावी.

आता तो शून्य. १९८१ साली जेरेमी वॉल्ड्रन नावाच्या तत्त्वज्ञाने चूक गोष्ट करण्याच्या हक्कावर एक निबंध लिहिला, तो पुढे बराच गाजला. लॉटरीत लागलेले पैसे सगळे चैनीत उडवणं चूक असेल, पण तसं करायचा हक्क आहे आणि इतरांनी मध्ये पडू नये, अशा धर्तीचा विचार. इंग्रजीत हे वाक्य उच्चारलं की कोडं घातल्यासारखं वाटतं, राइट आणि राँग एका दमात. मराठीत 'चूक करण्याचा हक्क' म्हटलं तर कुणी दचकतही नाही. आम्ही हा निबंध वाचला तो त्या पेपरानंतर दोन-तीन वर्षांनी. तेव्हा लक्षात आलं, की मुलाने मुद्दा पकडला होता. त्याच्याकडे हक्क हा शब्द होता, रोज वापरातला, घरचा. पण इंग्रजी टिपणात दोनदा एकच शब्द बघून त्यानेही दोनदा एकच शब्द लिहिला. आम्ही वाक्य तपासलं, मुद्दा नाही.

गुण बदलण्यासाठी अर्ज करायची मुदत तोवर संपून गेली होती. खरं सांगायचं तर मुदतीत कळलं असतं तरी आम्ही तो अर्ज केला असता की नाही, याची आम्हाला खात्री नाही. पुढे तो मुलगा आमच्या वर्गात दिसला नाही.